एडक्याच्या मेंदूची साक्ष

ठाण्याच्या कचेरीत एखादा अर्ज वाचता वाचता कारकुनाने चष्मा काढून पुसला, तर तो अर्ज माझ्या हातचा आहे असे खुशाल समजावे. हे मी आत्मस्तुतीने सांगत नाही. कचेरीतील मंडळीच तसे सांगतात. त्यांपैकी काहींचे म्हणणे असे पडते की चष्मा पुसण्याचे कारण माझे बारीक अक्षर होय. परंतु मत्सर कोणत्या धंद्यात नाही?

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. पाचवीत मी गेलो होतो. परंतु पंतोजींनी वरिष्ठांस लिहिलेल्या एका पत्रात मी भर वर्गात तीन सुधारणा सुचविल्या आणि त्या दिवसापासून शाळेचा व माझा संबंध सुटला. त्या तिन्ही सुधारणा योग्य होत्या, असे माझे आजही मत आहे. पुढे काही वर्षे कल्याणास आणि नंतर ठाण्यास, कचेरीच्या आवारात चटई, दौत, लेखणी आणि उतरते मेज एवढ्या सामानानिशी मी लोकांची दुःखे कागदावर उतरवीत आलो आहे. सणाच्या अंकाकरिता या धंद्याविषयी काही लिहावे, अशी या मासिकाच्या चालकांची आज्ञा झाली. त्यांना माझे चार यशस्वी अर्ज हवे होते. मी मात्र एका फसलेल्या अर्जाची हकीकत देणार आहे. यशस्वी अर्ज कचेरीच्या दप्तरात सुरक्षित आहेत. फसलेला माझ्यावाचून कोण सांगणार?

ज्यांना कचेरीची पायरी कधी चढावी लागली नाही, अशा सुदैवी वाचकांसाठी प्रथम धंदा समजावून देतो. अर्जाची अंगे तीन: मायना, दुःख आणि मागणे. मायन्यात साहेबांना मोठे करावयाचे, दुःखात अर्जदाराला लहान करावयाचे आणि मागण्यात दोघांची गाठ घालावयाची. यांत कठीण अंग दुःखाचे. अर्जदार जे सांगतो ते दुःख नसते, ती नुसती हकीकत असते. तिला सुकलेल्या भाजीप्रमाणे पाणी मारून टवटवीत करावे लागते. याकरिता मी दोन नियम केले होते. एक, दुःख ताजे हवे. महिन्यापूर्वी मार खाल्लेल्या माणसाची साहेबांना कीव येत नाही. काल मार खाल्लेल्याची येते. दुसरा नियम अर्जदारासाठी. साहेबांनी काहीही विचारले तरी ‘अर्जात लिहिले तेच खरे’ एवढेच उत्तर द्यावयाचे, स्वतःचे डोके चालवावयाचे नाही. डोके चालविणारी माणसे साक्षीत बुडालेली मी पाहिली आहेत.

गिऱ्हाइके नाना प्रकारची येत. आंबिवलीकडील एक शेतकरी आगगाडीच्या वरिष्ठ साहेबांना अर्ज लिहून मागत असे, की इंजिनाने त्याच्या गोठ्यासमोर शिटी वाजवू नये; शिटी ऐकून म्हैस दूध चोरते. मी त्या म्हशीचे दुःख असे काही रंगविले की पुढे तो म्हणाला, ‘‘अण्णा, अर्ज ऐकून बायकोच रडायला लागली. म्हैस अजून तशीच हाय.’’ कल्याणास एक गृहस्थ स्वतःविरुद्ध अर्ज घेऊन आले होते. तंबाखू सोडण्याची शपथ त्यांनी सात वेळा मोडली होती, म्हणून मामलेदारसाहेबांनी त्यांना हुकूम काढून मनाई करावी, अशी त्यांची विनंती. अर्ज लिहून होईपर्यंत त्यांनी माझ्याच चंचीतली चिमूट दोनदा घेतली. असो.

एके दिवशी कचेरी उघडते न उघडते तोच कोपरीचा पास्कू माझ्या चटईपुढे येऊन उकिडवा बसला. पास्कू हा तिकडचा ख्रिस्ती शेतकरी. अंगाने थोर, बोलण्यात गरीब. त्याच्यामागून त्याची बायको रोझा आली. ती अंगाने लहान, परंतु बोलण्यात उलट.

‘‘अण्णा, आमचा सरदार मेला,’’ पास्कू म्हणाला आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागला.

मी लेखणी खाली ठेवली. घरातील वडील मनुष्य गेले असावे असे समजून योग्य ते शब्द बोलू लागलो, तेव्हा रोझा म्हणाली, ‘‘अवो, माणूस नाय, एडका! आमचा सासरा मेला तवा हा एवढा रडला नव्हता.’’

सरदार हा पास्कूचा टकरीचा एडका. आसपासच्या सर्व एडक्यांना त्याने हरविले होते. हरविण्यास एडका उरला नाही म्हणजे तो माणसांकडे वळे. हकीकत अशी होती: पास्कूच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि त्याची बोलणी करण्यास रोझाचा भाऊ इनास, म्हणजे मुलीचा मामा, रविवारी चर्चमधली मिसा आटोपून नवा पांढरा कोट घालून आला. विहिरीवर पाय धुण्यास तो वाकला. सरदाराने ती पाठमोरी आकृती पाहिली आणि जे केले ते त्याच्या स्वभावाला धरूनच केले. इनास कोटासकट शेणाच्या खड्ड्यात पडला. पोरे हसली, व्याही हसले आणि रोझाच्या सांगण्याप्रमाणे पास्कूही हसला. इनास उठला, भिंतीशी टेकविलेले मुसळ त्याने उचलले आणि एडक्याच्या कानामागे एकच घाव घातला.

‘‘मग लगेच मेला?’’ मी विचारले.

‘‘नाय वो,’’ रोझा म्हणाली. ‘‘उभाच ऱ्हायला. सांजेपासून मान वाकडी करून डाव्या अंगाला गोल गोल फिरायला लागला. खायचा, पण अर्धं गवत खाली पाडायचा. अकराव्या दिवशी, म्हंजे काल सकाळी, मेला.’’

अकरा दिवस! माझ्या चेहऱ्यावरील निराशा तिला दिसली असावी. वाचकहो, विचार करा. मुसळाचा घाव, निरपराध मुका प्राणी, नव्या कोटाचा उन्मत्त धनी. एवढी सामग्री एका अर्जात रोज मिळत नाही. आणि पुढे काय, तर तो प्राणी अकरा दिवस गवत खातो! गोल गोल फिरणाऱ्या एडक्यासाठी कोणता कारकून चष्मा पुसणार? मी डोळे मिटले, आणि माझ्या आयुष्यातील उत्कृष्ट म्हणावे असे वाक्य उतरले: ‘‘काल प्रातःकाळी सामनेवाले यांनी निर्दय अंतःकरणाने मुसळाचा प्रहार करताच सदरहू मुका जीव धन्याकडे अखेरची करुण दृष्टी टाकून तत्क्षणी गतप्राण जाहला.’’

अर्ज मी त्यांना वाचून दाखविला. वाचून दाखविण्याची कचेरीत एक रीत आहे. श्वास न घेता, एका सुरात, झरझर. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण आपल्यासाठी केवढे तरी घडते आहे असे वाटते. पास्कू हात जोडून ऐकत होता. ‘करुण दृष्टी’पाशी तो पुन्हा रडला. रोझा तेवढी म्हणाली, ‘‘अकरा दिवस कुठं आलं यात?’’

‘‘ते यातच आहे,’’ मी म्हणालो. ‘‘कायद्याच्या भाषेत.’’

पास्कूने कागदावर क्रुसाची निशाणी केली. मी त्याला दुसरा नियम बजावला आणि नेहमीप्रमाणे सांगितले, ‘‘पुरावा जपून ठेव.’’

सुनावणी दोन आठवड्यांनी लागली. मामलेदारसाहेब तरुण आणि नवीन होते. अर्ज शेवटपर्यंत वाचण्याची वाईट सवय त्यांना होती.

‘‘अर्जातला मजकूर खरा आहे?’’ त्यांनी पास्कूला विचारले.

‘‘अर्जात लिवलंय तेच खरं, साहेब.’’

‘‘अर्जाच्या आदल्याच दिवशी सकाळी इनासने मारले?’’

‘‘अर्जात लिवलंय तेच.’’

‘‘आणि एडका जागच्या जागी मेला?’’

पास्कूने एकदा माझ्याकडे पाहिले. मी बाकाजवळून होकारार्थी मान हलविली. ‘‘अर्जात लिवलंय तेच, साहेब.’’

मग इनासला विचारले. तो म्हणाला, ‘‘देवाची आण, साहेब! त्या दिवशी मी ठाण्यात नव्हतोच. कल्याणात पेंढ्याची गाडी उतरवत व्हतो.’’ कल्याणचा पेंढेवाला व्यापारी साक्षीला हजरच होता. त्याने, त्याच्या गुमास्त्याने आणि गाडीवानाने एकाच तोंडाने सांगितले की इनास त्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांच्याच वखारीत होता.

मामलेदारसाहेबांनी अर्ज मेजावर ठेवला. ‘‘पास्कू, तू आपल्या मेहुण्यावर खोटी फिर्याद आणलीस. याची शिक्षा तुरुंग आहे. आठ दिवसांत काय सांगायचे ते सांग. नाही तर तुझ्यावरच काम चालेल.’’

पास्कूला प्रथम काही उमगलेच नाही. तो पायऱ्या उतरताना मला म्हणाला, ‘‘अण्णा, मी तुमी सांगलं तसंच बोललो ना?’’ रोझाला मात्र सर्व उमगले होते. त्यांच्या मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कू डोक्यावर एक मोठी चिनी मातीची बरणी घेऊन टेंभी नाक्याजवळ माझ्या बिऱ्हाडी आला. बरणीचे झाकण काढताच आमच्या घरात पूर्वी कधी न आलेला वास आला आणि आमची बायको पदराने नाक धरून शेजारी गेली. आत सरदाराचे मस्तक होते, शिंगांसकट, दारूत बुडविलेले.

‘‘तुमीच बोललेलात ना, पुरावा जपून ठेव,’’ पास्कू म्हणाला. ‘‘नाताळासाठी आणलेल्या समद्या बाटल्या वतल्या यात. रोझानं दोन दिवस जेवाण नाय दिलं.’’

बरणी पाहून माझ्या मनात एक विचार आला. तो चांगला विचार नव्हता, हे येथेच कबूल करतो. एडका तत्क्षणी मेला एवढे जर कोणी जाणत्याने लिहून दिले, तर माझे वाक्य खरे ठरेल. मग कल्याणचे तीन साक्षीदार खोटे का पडू नयेत? पलटणीच्या इस्पितळात नोकरी करून पेन्शन घेतलेले एक वृद्ध डॉक्टर तळ्याजवळ राहत. त्यांना सर्व दादासाहेब म्हणत. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्र होते आणि त्याखाली ते तळ्याचे पाणी, उवा, स्वतःचे रक्त वगैरे घालून दिवसभर पाहत बसत. एडक्याचे डोके पाहून त्यांना झालेला आनंद वर्णन करणे कठीण आहे.

‘‘वा! दारूत ठेवले ते फार शहाणपणाचे केले,’’ ते म्हणाले. ‘‘कानामागे हाड फुटले आहे, म्हणजे दारू आतपर्यंत गेली असेल. मेंदू टणक झाला असणार. पाच दिवस द्या.’’

पाच दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी मेंदूचे कांद्याच्या पातीहून पातळ काप करून, ते तांबड्या रंगात रंगवून काचांवर बसविले होते. मला यंत्रात पाहण्यास सांगितले. प्रथम मला माझ्याच पापण्या दिसल्या. त्या फार भव्य होत्या. मग दादासाहेबांनी मान धरून मला नीट बसविले, तेव्हा तांबूस मैदानासारखे काही दिसू लागले आणि त्यात एके ठिकाणी गोल गोल ठिपक्यांची अशी दाटी, की जणू कचेरीसमोर बाजार भरला आहे.

‘‘हे काय?’’

‘‘हेच पाहण्यासारखे,’’ दादासाहेब म्हणाले. ‘‘मेंदूचे धागे म्हणजे तारायंत्राच्या तारा समजा. मुसळ बसले, तारा तुटल्या, रक्त सांडले, तिथे गाळ झाला. तो तसाच ठेवून भागत नाही. म्हणून ह्या पेशी तिथे जमतात, गोल होतात आणि गाळ खाऊ लागतात. खाऊन खाऊन फुगतात. त्यांची पोटे कशी फेसाळ दिसतात पहा. सगळा मेलेल्या मेंदूचा माल आहे.’’

‘‘ह्या येतात कोठून?’’

‘‘त्यावर विलायतेत मोठमोठ्यांचे भांडण आहे. कोणी म्हणतात रक्तातून येतात, कोणी म्हणतात मेंदूतच हातपाय पसरून स्वस्थ बसलेल्या असतात आणि इजा झाली की उठतात.’’

‘‘पण त्यांना कळते कसे? अर्ज कोण करतो?’’

दादासाहेबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. ‘‘कोणी करीत नाही, अण्णा.’’

यावर माझा चटकन विश्वास बसेना. एवढी वर्षे मी कचेरीत काढली. एका मोरीचा दगड निखळला तर तो पाहण्यास माणूस यावा म्हणून मी स्वतः चार चार अर्ज लिहिले आहेत, आणि तरी माणूस आला तो मोरी वाहून गेल्यावर. आणि येथे एका एडक्याच्या डोक्यात, ना मायना ना विनंती, सबंध खाते आपण होऊन जागेवर हजर! मला त्या पेशींचे कौतुक वाटले आणि थोडा अपमानही.

‘‘चांगले आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तर मग आपण एवढेच लिहून द्यावे, की मार बसताच हा प्राणी तत्क्षणी मेला.’’

‘‘तत्क्षणी?’’ दादासाहेब हसू लागले. ‘‘अहो, मेलेल्या एडक्याच्या मेंदूत ह्या कशाला येतील? प्राणी जिवंत असेल तरच ही धावपळ. जागच्या जागी मेला असता तर नुसते रक्त दिसले असते, ह्यांतली एकही नाही. दोन-तीन दिवसांनी ह्या दिसू लागतात. इथे तर दाटी झाली आहे, पोटे तट्ट भरली आहेत आणि शिवाय ही कड पहा. जखमेभोवती तंतूंचे कुंपण घालायला सुरुवात झाली आहे. हे काम आठवड्याच्या आतले नव्हे. मार बसल्यावर हा प्राणी आठ, दहा, बारा दिवस जगला.’’

‘‘अकरा,’’ मी नकळत बोलून गेलो.

‘‘असेल. तुम्हाला कसे ठाऊक?’’

मी उलट विचारले, ‘‘दादासाहेब, थोडे कमी दिवस नाही का लिहिता येणार? एखादा दिवस?’’

‘‘मी लिहीन हो. पण ह्या काचेवर बसल्या आहेत त्यांचे काय करू? त्या काही अर्ज वाचून वागत नाहीत.’’ मग गंभीर होऊन म्हणाले, ‘‘एक मात्र खरे. ह्यांचा उत्साह नेहमीच बरा नसतो. मला असा संशय आहे, की गाळ खाता खाता ह्या आजूबाजूचा चांगला भागही उडवीत असाव्यात. मदतीला येतात आणि इजा वाढवतात.’’

हे वाक्य त्यांनी पेशींविषयी उच्चारले होते. परंतु तळ्यावरून घरी येईपर्यंत ते माझ्या पाठोपाठ चालत होते. दुसऱ्याला इजा झाली की मीही तेथे जाऊन बसतो; तिच्यावरच माझे पोट चालते. आजवर मला वाटत होते की मी गाळ तेवढा काढतो.

घरी आलो तो ओट्यावर रोझा बसली होती. सोबत पास्कू नव्हता.

‘‘काय बोलले डाक्तर?’’

मी तिला सर्व सांगितले. पेशी वगैरे तिला चटकन कळले, माझ्यापेक्षाही लवकर. ‘‘म्हंजे आमचा एडका अकरा दिवस जगला, ह्ये त्याच्या डोक्यातच लिवलेलं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘मग झालं! डाक्तरला कोरटात आणा.’’

‘‘तसे सोपे नाही, बाई. डॉक्टर सांगतील की मार जुना होता. म्हणजे अर्ज खोटाच ठरला. साहेब म्हणतील, पास्कूने खोटे लिहून दिले.’’

‘‘त्यानं कुठं लिवलं? त्याला लिवता येतंय?’’

‘‘निशाणी त्याची आहे.’’

‘‘आणि कलम कुणाचं हाय?’’ रोझा उठून उभी राहिली. उंचीने ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती, तरी मी एक पायरी मागे सरकलो. ‘‘आमी तुमाला खरं तेच सांगलं. तुमाला ते आवाडलं नाय. माझा नवरा तुरुंगात बसणार, पोरीचं लगीन मोडणार, आणि माझा भाऊ जल्मभर मला तोंड दाखवणार नाय. का, तर तुमाला आमचं खरं पचपचीत लागलं!’’

मी म्हणालो, की मी विचार करीन. ती म्हणाली, ‘‘करा. पण डोकं चालवू नका, अण्णा. तुमीच सांगता ना लोकांना?’’ आणि निघून गेली.

विचार मी खरोखर केला. कचेरीच्या आवारात कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हे मामलेदारसाहेबांच्या मर्जीवर असे. ‘मी खोटी तारीख घातली’ असे उभे राहून सांगणारा अर्जनवीस दुसऱ्या दिवशी त्या आवारात दिसला नसता. शिवाय अब्रू. ज्या कारकुनांनी माझे अर्ज वाचून चष्मे पुसले, ते आता तोंडे पुसून हसणार. मी स्वतःला पुष्कळ युक्त्या सुचविल्या. तारीख चुकून पडली, शाई सांडली, ‘तत्क्षणी’ हा शब्द अलंकारिक आहे. दोन दिवस मी त्यांतील प्रत्येक युक्ती कागदावर उतरवून पाहिली. वाक्ये फार सुरेख होत होती. तेच मला भिववू लागले.

सुनावणीच्या दिवशी रोझाच्या सांगण्यावरून दादासाहेब यंत्रासकट हजर झाले. मामलेदारसाहेबांनी स्वतः यंत्रात पाहिले, शिरस्तेदारांनी पाहिले. पट्टेवाल्यानेही पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘साबुदाणा दिसतो.’’ बरणीचे झाकण उघडल्यावर शिरस्तेदार दोनदा जवळ येऊन वास घेऊन गेले. दादासाहेबांनी मला सांगितले होते तेच सांगितले.

‘‘म्हणजे फिर्याद खोटी, हे डॉक्टरांनीही सिद्ध केले,’’ मामलेदारसाहेब म्हणाले. ‘‘पास्कू, काही सांगायचे आहे?’’

पास्कूने हात जोडले आणि तो सवयीने म्हणाला, ‘‘अर्जात लिवलंय ते...’’

‘‘अर्जात लिहिलेले खोटे आहे, साहेब,’’ मी बाकामागून म्हणालो.

ते शब्द मी बोललो हे मला सर्वांच्या माना वळल्यावर समजले. मग पुढे होऊन सांगितले, की या माणसाने मला रविवार आणि अकरा दिवस असेच सांगितले होते. तारीख मी घातली, तत्क्षणी मी मारले, आणि कोर्टात तेवढेच बोल असे शिकविलेही मीच.

‘‘असे का केलेत?’’ साहेबांनी विचारले.

पाठ केलेल्या युक्त्यांपैकी एकही त्या वेळी आठवेना. ‘‘साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘वाक्य चांगले जमले होते.’’

कोर्टात हशा झाला. साहेब हसले नाहीत. ते इनासकडे वळले. ‘‘तू काय म्हणतोस? रविवारी एडक्याला मारलेस?’’

‘‘मारला की!’’ इनास म्हणाला. ‘‘मुसळानंच मारला. कोटाचं माझ्या काय झालं ते बघा की साहेब!’’

‘‘मग मागच्या वेळी का नाही सांगितलेस?’’

‘‘तुमी रविवारचं इचारलंच नाय. तुमी इचारलं ते दुसऱ्याच दिवसाचं.’’

मामलेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. क्षणभराने माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाले, ‘‘आता बोललात ते लिहून द्या. तुमच्या स्वतःच्या नावाने.’’

इतक्या वर्षांत मी स्वतःच्या नावाने कधी अर्ज केला नव्हता. मायना घालावा तर हात वळेना. अखेर जे लिहिले ते सबंध येथे देतो: ‘‘इनास याने एडक्याला रविवारी मारले. एडका अकराव्या दिवशी मेला. पास्कूने मला हेच सांगितले होते. खोटी तारीख मी घातली.’’ साहेबांनी ते वाचले आणि कागद उलटून पाठीमागे पाहिले.

‘‘एवढेच?’’

‘‘एवढेच, साहेब.’’

पास्कूवरील काम त्यांनी तेथेच काढून टाकले. मेहुणे-मेहुण्यांनी आपसात मिटवावे म्हणून त्यांना बाहेर पाठविले. मला हुकूम झाला की वर्षभर या आवारात बसावयाचे नाही, आणि पुढे बसलो तर अर्ज लिहून झाल्यावर अर्जदाराने तो आपल्या शब्दांत पट्टेवाल्याला सांगावयाचा. पट्टेवाल्याला कळला तरच आत घ्यावयाचा. हा पट्टेवाला साबुदाणेवालाच होता. त्याच्या बुद्धीच्या मापाने लिहू लागल्यापासून माझे अर्ज फार आखूड झाले आहेत. मंजूर अधिक होतात, हे कबूल केले पाहिजे; परंतु चष्मा कोणी पुसत नाही.

पायऱ्यांवर इनास आणि पास्कू एकमेकांकडे पाठ करून उभे होते. मध्ये रोझा.

‘‘एडका उन्मत्त व्हता,’’ इनास भिंतीला म्हणाला.

‘‘व्हता,’’ पास्कू दुसऱ्या भिंतीला म्हणाला. ‘‘पण माझा व्हता.’’

‘‘मी मारायला नको व्हता.’’

‘‘मी हसायला नको व्हतो.’’

‘‘झालं?’’ रोझा म्हणाली. ‘‘आता चला. तीन दिवसांत मांडवाचे बांबू आणायचेत, आणि मामा हाय एकच.’’ तिने दोघांच्या दंडांना धरून त्यांना फाटकाकडे चालविले. दादासाहेब एडक्याचे डोके परत मागावे की काय अशा विवंचनेत बरणीजवळ घुटमळत होते. पास्कूने ते त्यांना देऊन टाकले आणि रोझाने दारूच्या पैशांचे काय, ते दादासाहेबांनाच विचारून घेतले.

मी चटई गुंडाळीत होतो. फाटकापर्यंत गेलेली रोझा परत आली.

‘‘अण्णा, लग्नाला या. इनास बोलला, तुमालाबी बोलवायचं.’’

मी भारावून गेलो. नवरा-नवरीसाठी चार ओळींचे आशीर्वचन रचून आणीन, असे मी म्हणणार होतो. पहिली ओळ मनात तयारही झाली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले.

‘‘या,’’ ती म्हणाली, ‘‘पण काय लिवून आणू नका.’’

मी गेलो. एक नारळ घेऊन गेलो.